काकूंनी पैसे खाल्ले नव्हते

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येता न आलेल्या सदस्यांसाठी इथे छापत आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



दरवर्षी या सभेत मी बचतीचे आणि कर्जफेडीचे आकडे सांगते. आज ते अहवालात छापलेले आहेत, तिथे बघा. आज मला एका आजाराबद्दल बोलायचं आहे. २१ सप्टेंबर हा जगभर अल्झायमर दिन म्हणून पाळतात, हे एक कारण. खरं कारण मात्र वेगळं आहे. माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तुमच्यासमोर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्याच एका गटातली गोष्ट आहे. नाव आणि गाव सांगणार नाही. त्यांना आपण नुसतं काकू म्हणू. वय त्रेसष्ट. गट सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्या कोषाध्यक्ष होत्या. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, पण हिशोब असा की बाराही जणींचं किती कर्ज, किती फेडलं, किती राहिलं, सगळं तोंडपाठ. सचिव वही उघडायच्या आत काकू आकडा सांगायच्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्या गटात गडबड झाली. बारा जणींचे प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे २४०० रुपये काकूंकडे जमा झाले, पण बँकेत भरलेच गेले नाहीत. पुढच्या महिन्यात परत तसंच. विचारलं तर आधी म्हणाल्या, "भरले की!" मग म्हणाल्या, "माझ्याकडे दिलेच नाहीत कुणी." शेवटी सचिव ताईंवरच उलटल्या, "हिनेच घेतले असतील." गावात कुजबुज सुरू झाली. सुनेच्या माहेरी लग्न होतं, त्यात पैसे गेले म्हणे.

मला बोलावलं. मी एमएसडब्ल्यू करून नुकतीच नोकरीला लागलेली. बैठकीत सगळ्यांसमोर मी काकूंना म्हणाले, "पैसे कुठे गेले ते सांगा, नाहीतर ठराव घ्यावा लागेल." काकू माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. उत्तर नाही. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहेत. त्यांना पदावरून काढायचा ठराव झाला आणि तो माझ्या अक्षरात लिहिला गेला. त्या दिवसापासून काकू बैठकीला यायच्या बंद झाल्या.

चार महिन्यांनी दिवाळीची साफसफाई निघाली. सुनेने ज्वारीची कोठी रिकामी केली तर तळाशी रुमालात बांधलेले पैसे निघाले. मोजले तर ४८०० रुपये. एक रुपया कमी नाही. माळ्यावर मिठाच्या एकवीस पिशव्या निघाल्या. काकू रोज दुकानात जायच्या आणि रोज मीठच आणायच्या, कारण काल आणलेलं त्यांना आठवतच नव्हतं.

सून रडतच माझ्याकडे आली. आम्ही काकूंना जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हा स्मृतिभ्रंश आहे आणि लक्षणांवरून तो अल्झायमरचा दिसतो.

बायांनो, अल्झायमरची लक्षणं मी कॉलेजात परीक्षेला लिहिली होती. पाच मार्कांचा प्रश्न होता. पाचपैकी चार मिळाले होते. आणि तोच आजार माझ्यासमोर लुगडं नेसून बसला होता तेव्हा मला ओळखता आला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या हातून असं होऊ नये म्हणून आज बोलते आहे.

म्हातारपणाचं विसरणं वेगळं, आजाराचं वेगळं

आपल्याकडे म्हणतात, "साठी बुद्धी नाठी." म्हातारचळ लागला म्हणतात. म्हणजे म्हातारं माणूस विसरणारच, त्यात काय दाखवायचं डॉक्टरला? हीच समजूत सगळ्यात आधी काढून टाकायची आहे. वय वाढलं की विसरणं थोडं वाढतं, हे खरं. पण अल्झायमर हा म्हातारपणाचा भाग नाही, तो मेंदूचा आजार आहे. नव्वदीच्या आज्या सगळी नाती-गोती सांगतात, हे आपण बघतोच ना?

मग फरक कसा ओळखायचा? चष्मा कुठे ठेवला ते विसरलं आणि शोधल्यावर सापडला, हे तुमचं-माझं विसरणं. चष्मा हातात घेऊन हा कशासाठी असतो तेच सुचेना, हा आजार. भाजीत मीठ टाकायचं एखाद्या दिवशी राहिलं, हे साधं. चाळीस वर्षं केलेली पुरणपोळी करताना आधी डाळ शिजवायची की पीठ मळायचं ते कळेना, हे साधं नाही. कुणाचं नाव ओठांवर येत नाही आणि तासाभराने आठवतं, ते चालायचंच. पण दहा मिनिटांपूर्वी जेवलेलं आठवत नाही आणि "मला जेवायला दिलं नाही" असं शेजारी जाऊन सांगितलं, तर सावध व्हा.

आणखी काही खुणा सांगते, लक्षात ठेवा:

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं. वार, महिना, सण यांचा गोंधळ होणं. रोजच्या वाटेवर, शेतातून घरी येताना वाट चुकणं. बोलताना शब्द न सापडणं, मग "ते हे, ते आपलं" असं करत राहणं. सुट्टे पैसे मोजताना अडखळणं. वस्तू भलत्याच जागी ठेवणं आणि मग चोरीचा आळ घेणं. स्वभाव बदलणं, म्हणजे बोलकी बाई एकदम गप्प होणं किंवा शांत बाई संशयी, चिडकी होणं. भजन, बैठक, हळदीकुंकू यातून अंग काढून घेणं.

यातली एखादी खूण एखाद्या दिवशी दिसली म्हणून घाबरू नका. पण दोन-तीन खुणा सहा महिने दिसत असतील, वाढत असतील आणि रोजच्या कामात अडचण येत असेल, तर दाखवायलाच हवं.

आता काकूंकडे परत बघा. हिशोब अडखळला, वस्तू भलतीकडे गेली, आळ घेतला, बैठकीत शब्द सापडला नाही. सगळ्या खुणा होत्या. आम्ही त्यांना चोरीचं नाव दिलं.

डोक्यात नेमकं होतं काय?

या आजाराला नाव कसं पडलं ते थोडक्यात सांगते. जर्मनीत फ्रँकफर्टला १९०१ मध्ये ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना त्यांच्या नवऱ्याने दवाखान्यात आणलं. त्या नवऱ्यावर संशय घ्यायच्या, वस्तू लपवायच्या, स्वयंपाक चुकायचा. अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, त्यांच्याशी झालेलं बोलणं लिहून ठेवलं. १९०६ मध्ये त्या बाई वारल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या मध्ये साचलेले गोळे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. पुढे १९१० मध्ये या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या जर्मन बाईंची आणि आपल्या काकूंची लक्षणं किती सारखी, बघा.

आता ते गोळे आणि तो गुंता म्हणजे काय, ते शेतातल्या भाषेत सांगते.

आपला मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला. आठवण म्हणजे एका जागी ठेवलेली वस्तू नव्हे. पेशींनी एकमेकींशी जोडलेल्या जाळ्यात ती असते. बचत गटासारखंच समजा, एकटी बाई म्हणजे गट नाही, बायांमधलं जे जोडलेपण आहे तो गट.

पेशींच्या कामातून प्रथिनाचे बारीक तुकडे तयार होतात. त्यातल्या एकाला बीटा अमायलॉइड म्हणतात. निरोगी मेंदू हा कचरा रोजच्या रोज काढून टाकतो. या आजारात तो काढला जात नाही, एकमेकांना चिकटतो आणि पेशींच्या मध्ये त्याचे गोळे साचतात. गावातली नाली तुंबली की दोन घरांच्या मध्ये कसा गाळ बसतो, तसं. मग निरोप पोहोचायला अडथळा येतो.

दुसरी गोष्ट पेशीच्या आत होते. प्रत्येक पेशीत अन्न आणि माल इकडून तिकडे नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. ठिबकच्या नळ्या म्हणा हवं तर. त्या नळ्या सरळ आणि घट्ट राहाव्यात म्हणून टाऊ नावाचं प्रथिन त्यांना आधार देतं. या आजारात टाऊ नळीवरून सुटतं आणि त्याचाच आपापसात गुंता होतो. नळी ढासळते. शेताच्या टोकाच्या रोपाला पाणी पोहोचत नाही, तेव्हा ते वाळतं. तशीच पेशी उपाशी राहून मरते. मेलेली पेशी परत येत नाही. हळूहळू मेंदूच आकसतो.

आणि हे एका दिवसात होत नाही. पहिलं लक्षण दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून आत हे बदल सुरू झालेले असतात.

आता तुम्ही विचाराल, सासूबाईंना सकाळचा चहा आठवत नाही, पण लग्नात कुणी काय आहेर केला ते कसं आठवतं? मुद्दाम करतात का? नाही हो. मेंदूत कानांच्या साधारण आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. नवीन आठवण नोंदवायचं काम त्याचं. आपल्या बँकेतल्या जमा-खिडकीसारखं. अल्झायमर सहसा इथूनच सुरू होतो. खिडकीच बंद पडली तर आज भरलेले पैसे पासबुकात चढणार कसे? पण तीस वर्षांपूर्वी चढलेली जुनी नोंद दुसरीकडे पक्की झालेली असते, ती बरीच वर्षं टिकते.

म्हणून लक्षात घ्या, काकूंनी पैसे कोठीत ठेवले ते "विसरल्या" असंही नाही. ते ठेवल्याची नोंदच डोक्यात झाली नव्हती. जे नोंदलंच नाही ते आठवणार कुठून? आणि पैसे जागेवर नाहीत म्हटल्यावर त्यांच्या मनाला एकच अर्थ लागला, की कुणीतरी घेतले. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने तेच खरं होतं.

पुढे आजार मेंदूच्या इतर भागांत पसरतो. मग वाट चुकते, माणसं ओळखू येत नाहीत, कपडे घालायला, अंघोळीला मदत लागते. संध्याकाळी दिवेलागणीला घालमेल वाढते, स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणतात. शेवटी चालणं आणि गिळणंही अवघड होतं. हा प्रवास कुणाचा चार-पाच वर्षांचा असतो, कुणाचा पंधरा-वीसचा.

अशा बाईला कुणी "बाहेरचं झालंय" म्हणालं, कुणी "करणी" म्हणालं, तर आता तुमच्याकडे उत्तर आहे. नालीत गाळ बसलाय आणि नळ्या ढासळल्यात. देवऋषी तो गाळ काढू शकत नाही. उतारा करण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

डॉक्टरकडे का जायचं?

अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. हे स्पष्टच सांगते, कारण तसं सांगून पैसे काढणारे बरेच भेटतील. मग जायचं कशाला?

एक तर विसरण्याची सगळीच कारणं अल्झायमर नसतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, मनाची उदासी, डोक्याला मार लागून आत रक्त साचणं, काही औषधांचा परिणाम, यामुळेही माणूस विसरतं. यातली बरीच कारणं उपचाराने सुधारतात. तपासल्याशिवाय ते कळणार नाही.

दुसरं, काही औषधांनी लक्षणं काही काळ आटोक्यात राहतात. पेशी ज्या रसायनाने निरोप देतात ते कमी पडलेलं असतं. औषध ते रसायन जास्त वेळ टिकवतं. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

तिसरं, घरच्यांना कळतं की हा आजार आहे. नुसतं हे कळल्यानेसुद्धा घरातली निम्मी भांडणं थांबतात. काकूंच्या घरी हे मी डोळ्यांनी बघितलं.

एक इशारा. चांगलं बोलणारं म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं, तर तो सहसा अल्झायमर नसतो. लघवीचा संसर्ग, ताप, साखर कमी होणं, लकवा, काहीही असू शकतं. तेव्हा वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

सुरुवात गावातूनच करा. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? तो प्रश्न आला की "नाही नाही, तसं काही नाही" म्हणून झटकू नका. खरं उत्तर द्या. तिथून आरोग्य केंद्र, मग जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ.

टाळता येतो का?

खात्रीने टाळता येत नाही. पण धोका कमी करता येतो. जगभरातल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्यासारखी चौदा कारणं सांगितली. त्यातली आपल्या कामाची सांगते. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावणं. मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर करणं. विडी-सिगारेट आणि दारू टाळणं. हालचाल ठेवणं. उदासीवर उपचार करणं. प्रदूषण टाळणं, म्हणून चुलीचा धूर कमी झाला तर फुप्फुसांबरोबर डोक्याचंही भलं. माणसात राहणं, एकटं न पडणं. आणि शिक्षण. लहानपणी शाळा कमी मिळाली तर हा धोका वाढतो.

आपल्या देशात साठीपुढच्या शंभरात साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण सुमारे ८८ लाख माणसं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासात दिसलं. त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त आणि शहरापेक्षा गावं जास्त. म्हणजे हा आपला विषय आहे. ज्या पिढीला शाळेत पाठवलं नाही, त्या पिढीच्या बाया आज साठीत आहेत. मुलीची शाळा बंद करायचा विषय घरात निघेल तेव्हा हेही आठवा.

घरी कसं वागायचं?

इथे बसलेल्या बहुतेक जणी सुना आहात. हा आजार सासूला होतो आणि रात्री जागते सून. म्हणून थोडं तुमच्याशी.

वाद घालू नका. "आत्ताच तर सांगितलं" हे वाक्य सोडून द्या. "मला घरी जायचंय" म्हणाल्या तर "हेच तुमचं घर" म्हणून भांडू नका. "जाऊ हं, आधी चहा घेऊ" म्हणा, हात धरून अंगणात एक चक्कर मारून आणा. दिवसाचा क्रम रोज तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. जमतील ती कामं करू द्या, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, वाती वळणं. विळी, औषधं, कीटकनाशक, गॅस त्यांच्या हाताशी ठेवू नका. विहिरीकडची वाट लक्षात घ्या. खिशात किंवा गळ्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. चोरीचा आळ घेतला तर मनाला लावून घेऊ नका, बरोबर शोधायला लागा.

आणि स्वतःला जपा. नणंद, दीर, नवरा, मुलगा यांच्यात पाळ्या वाटा. आई त्यांचीही आहे. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. तुमचंच मन खचत असेल तर टेलिमानस, १४४१६. वहीत लिहून घ्या.

गटाने काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे सूत्र आहेच. मी तीन गोष्टी मागते. एक, बचतीचे पैसे दोघींनी मोजायचे, दोघींनी सही करायची आणि बँकेत दोघींनीच जायचं. यात अविश्वास नाही. उलट असा नियम असता तर काकूंवर आळ आलाच नसता. दोन, साठीपुढच्या सदस्याच्या हिशोबात गडबड दिसली तर ठरावाआधी तिच्या घरी जायचं, घरच्यांशी बोलायचं, तपासणी करायची. तीन, अशी सदस्य गटातून गळू द्यायची नाही.

काकूंच्या गटाने जानेवारीत माझ्या अक्षरातला तो ठराव रद्द केला. मी काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांना ती बैठकच आठवत नव्हती. पण सुरुवातीला बैठकीच्या समाजमंदिराजवळ आल्या की त्या थबकायच्या, सुनेचा हात घट्ट धरायच्या. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, घडलेलं विसरतं, पण तेव्हा मनाला जे लागलं ते राहतं. म्हणजे माझी माफी त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, माझं बोलणं मात्र राहिलं. म्हणून ती माफी आज तुम्हा सगळ्यांसमोर मागते.

आता काकू बैठकीला येतात. पहिल्या रांगेत बसतात. वहीचं काम सुरू झालं की मान डोलावतात. मला दरवेळी विचारतात, "कोणाची गं तू?" मी म्हणते, "तुमचीच, काकू." मग त्या सरकून जागा करून देतात.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एकच करा. हजेरी घेताना बघा, गेल्या काही महिन्यांत कोणती वयस्क सदस्य यायची बंद झाली आहे. तिच्यावर दंड लावण्याआधी तिच्या घरी दोघी जणी जाऊन या.